फजरची गोळी

३ नोव्हेंबर, सोमवार

वाशीमच्या हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, औषध सुरू केलं की काय त्रास होतो, काय फरक पडतो, ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. औषध अजून सुरू झालेलं नाही, पण काम हातात घेतलं की मी ते पहिल्या टाक्यापासून धरतो. उगाच नाही मंगरूळपीरमध्ये लोक सैफुद्दीनची रजई म्हणून मागून नेत.

हुस्नाबानोची, माझ्या बायकोची, पाठ उन्हाळ्यापासून दुखते आहे. गादीवाल्याच्या बायकोची पाठ दुखते म्हटल्यावर गल्लीला हसायला कारण झालं. मी तिला आधी जाड गादी भरून दिली, मग पातळ, मग फळीवर नुसती सतरंजी. काही उपयोग झाला नाही. वर ती बुटकी होत चालली. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला तिचा हात पोचेना. मी म्हणायचो, "फळी वर गेली काय वं?" तीही हसायची. आज एक्स-रे पाहिला. पाठीचे दोन मणके दबले आहेत. ती कुठे पडली नाही, आपटली नाही. रजईवर वाकून टाके घालता घालता बसल्या जागी मोडले. हाडं आतून ठिसूळ झाली आहेत म्हणे, ऑस्टिओपोरोसिस.

डॉक्टर तरुण आहे, अश्वजित नाव, केनवडचा. हुस्नाचं माहेरही केनवड, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. मधे मला बोलायला जागा मिळेना. शेवटी त्यानं तीन रस्ते सांगितले. आठवड्याला एक गोळी. नाहीतर वर्षातून एकदा सलाईन. नाहीतर रोज पोटावर टोचायची सुई, इन्सुलिनसारखी, ती थंडीत ठेवावी लागते.

"गोळी चांगली हाय, पण नेम पाळावा लागते," तो म्हणाला. "सलाईनले दोन दिवस ताप येऊ शकते. मंग वर्षभर काई नाई."

हुस्ना लगेच म्हणाली, "मले सलाईनच लावा. एकडाव टोचा अन् मोकळं करा."

"थांब वं," मी म्हटलं. "डॉक्टरसाहेब, मी इचार करून सांगतो."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवीन लोकांना घाई असते.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस चौकशी केली. रोजच्या सुईचा रस्ता आधीच खोडला. आमच्याकडे लाईट गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. राहिलं सलाईन आणि गोळी.

शेजारच्या रुपाबाईला मागच्या वर्षी हेच सलाईन लागलं होतं. तिला विचारलं तर तिनं कपाळाला हात लावला. "सैफूभाऊ, तीन दिवस फनफनली मी. सारं आंग ठेचल्यावानी. अन् माह्या बहिनीची नंनद सांगे, त्यानं जबड्याचं हाड सडते." डॉक्टरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, जबड्याचं क्वचित होतं, दात काढायचा असला तर आधी काढून घेतात, आणि गोळीनंही ते होऊ शकतं. पण एकदा शरीरात गेलेलं औषध बाहेर काढता येत नाही, हे त्यानं कबूल केलं. मला तेच खटकलं. गोळीचं बरं असतं. नाही झेपली की बंद. दोर आपल्या हातात राहतो.

रात्रीच्या जेवणाला हुस्नाला सांगितलं, गोळी घ्यायची. ती ताटात बघत म्हणाली, "मी तं सलाईन म्हटलं होतं."

"तुले त्यातलं काय समजते? तीन दिवस तापानं फनफनशीन मंग माह्याच नावानं रडशीन."

सून अफ्रीन भाकरी वाढत होती. माझ्या ताटात भाकरी टाकून ती आत गेली.

७ नोव्हेंबर, जुम्मा

आज पहिली गोळी. वार मी मुद्दाम जुम्म्याचा, शुक्रवारचा, ठेवला. सोमवार-मंगळवार माणूस विसरतो, जुम्मा कोण विसरेल?

डॉक्टरचा नेम असा. सकाळी उठल्याबरोबर, निरशा पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. चहा नाही, दूध नाही. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी गळ्याकडे येऊन तिथेच भाजते. पाठीचा नेम वेगळा. पुढे वाकायचं नाही, खालून काही उचलायचं नाही, टाके घालणं बंद, नमाज खुर्चीवर बसून. मी दुकानातली लाकडी खुर्ची घरी आणली, तिच्यावर नवीन कापसाची गादी शिवली आणि तिच्या मुसल्ल्याच्या, नमाजीच्या चटईच्या, जागी ठेवली. तिनं खुर्चीला हात लावून पाहिला. गादी छान झाली म्हणाली.

११ नोव्हेंबर

खुर्चीवरून घरात भांडण. म्हणजे मी भांडलो, ती नुसती बसून राहिली. म्हणते, खुर्चीवर बसून नमाज पढली की बसस्टँडवर गाडीची वाट पाहिल्यासारखं वाटतं. "कपाळ जमिनीले लागल्याबिगर माहं मनच लागत नाई."

मी म्हटलं, बीमाराला सवलत आहे, अल्लाहनंच दिली आहे. ती म्हणाली, "हाव. पन मी कुठं बीमार हाय? चालतो-फिरतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई माझ्यासमोर रडल्याचं फार आठवत नाही.

मग मीच तोडगा काढला. दिवसाच्या चार नमाजा खुर्चीवर, पहाटेची फजर खाली मुसल्ल्यावर. फजर सगळ्यात छोटी, चार रकातांची. तेवढ्या वेळा सजद्यात वाकून कपाळ टेकलं तर काय होतं? ती इतकी खूश झाली की तिनं मला दुपारी न मागता चहा दिला. अडून बसायचं कुठे आणि सोडायचं कुठे हे माणसाला कळलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर, जुम्मा

दुसरी गोळी. आता सगळं घड्याळासारखं बसलं आहे. अजान होते, मी तिला उठवतो, गोळी आणि पाणी देतो. गोळी घेतली की ती हातपाय धुऊन वजू करते आणि फजर पढते. नमाज आणि तस्बीहची माळ होईपर्यंत अर्धा तास आपोआप जातो. आडवं व्हायचा प्रश्नच नाही. रुपाबाईला सांगितलं तर म्हणाली, डोकं चालते भाऊ तुमचं.

आज सजद्यातून उठताना तिनं तोंडाला ओढणी लावली आणि थोडा वेळ तशीच बसली. मी म्हटलं, चक्कर आली का? मानेनंच नाही म्हणाली. नमाजीत बोलता येत नाही, मीही विचारायला नको होतं.

२४ नोव्हेंबर

थंडी पडली. दुकानात रजयांची रांग. इमरान, माझा मुलगा, मशीनवर कापूस पिंजतो, मी भरतो. टाके घालायला बाहेरची बाई लावली आहे, पण हुस्नाच्या हाताची सर तिला नाही. गिऱ्हाईकाला फरक कळत नाही, मला कळतो.

हुस्ना म्हणते, छातीत जळजळ होते. होणारच. ठेच्याशिवाय तिचा घास उतरत नाही. मी ठेचा बंद केला, थंड दूध सुरू केलं.

५ डिसेंबर, जुम्मा

जेवण निम्म्यावर आलं आहे. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणते, कालवून दिली तरी पाण्यासोबत ढकलते. गोळी मात्र चुकवत नाही. त्या बाबतीत शाबासकी दिली पाहिजे.

अफ्रीन दुकानात येऊन म्हणाली, "अब्बा, अम्मीचं काईतरी वेगळं हाय. डॉक्टरले फोन लावू का?" मी म्हटलं, गोळीनं थोडा गॅस होतो, डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. जरा काही झालं की फोन केला तर औषध पुरं कसं होणार? ती उभीच राहिली. मग म्हणाली, "अम्मी फजरच्या टाइमाले लय वेळ बसून राह्यते. पोटाले हात लावून."

दुआ मागत असेल. तिला मागायला पुष्कळ आहे.

१२ डिसेंबर, जुम्मा

तिचा आवाज बसला आहे. थंडीमुळे. गोळी दिली. पाणी पिताना तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

सजद्यातून उठायला भिंतीचा आधार घेतला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. टोकलं असतं तर फजर खुर्चीवर आणावी लागली असती, आणि ते तिच्यानं झालं नसतं.

१९ डिसेंबर, जुम्मा. अकोला.

दवाखान्यातून लिहितो आहे.

सकाळी गोळी घेतली, वजू केली, नमाजीला उभी राहिली. दुसऱ्या सजद्यात गेली आणि उठलीच नाही. मला वाटलं, सजदा लांबवते आहे. मग आवाज आला. मुसल्ल्यावर रक्त. लाल आणि काळं, गाठी गाठी. मी तिला धरलं तर अंगात काही वजनच नव्हतं. इतकी हलकी कधी झाली ते मला कळलं नाही. रोज तिच्यासमोर बसून जेवतो मी.

वाशीमहून इथे पाठवलं. इमरान रक्ताच्या पिशव्यांसाठी पळतो आहे. मी बाहेर बाकावर. या अल्लाह, तिला घेऊ नको.

२१ डिसेंबर

जगली.

गळ्यातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत मोठी जखम, भाजल्यासारखी. रक्त तिथूनच आलं. तपासणारी डॉक्टरीण मला आत घेऊन विचारायला लागली. गोळी कशी घ्यायच्या? मी सगळा नेम सांगितला. निरशा पोटी, ग्लासभर पाणी, पाठ टेकू दिली नाही. मला वाटलं, ही म्हणेल बरोबर केलं.

"गोळीनंतरच्या अर्ध्या तासात काय करायच्या?"

"नमाज."

"खुर्चीवर की झुकून?"

मी तिला समजावून सांगितलं की दिवसभर खुर्चीच असते, फक्त फजरला खाली बसू देतो. तिनं हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा, नेमकी तीच." आडवं होणं आणि डोकं खाली घालून पुढे झुकणं, गळ्याला दोन्ही सारखंच. रिकाम्या पोटात नुसतं पाणी आणि गोळी, ते उलटं वर येतं आणि भाजतं. जखमेवर दर जुम्म्याला नवीन जखम.

डॉक्टर अश्वजितनं आडवं होऊ नका म्हटलं होतं. ती आडवी झाली नव्हती. आमच्या दोघांच्या डोक्यात सजदा म्हणजे आडवं होणं आलंच नाही. त्यानं नमाज खुर्चीवर सांगितली होती, म्हणून त्याला वाटलं असेल तो प्रश्नच उरला नाही. खाली बसण्याची सवलत मी दिली. गोळीची वेळही मीच ठरवली. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, परत परत धुतलं. आजपर्यंत कुणाचं वाईट केलं नाही असं मी छाती ठोकून सांगायचो.

तिला अजून यातलं काही सांगितलेलं नाही.

३० डिसेंबर

घरी आणलं. पातळ खाणं. डॉक्टर अश्वजितनं सगळे कागद दोनदा वाचले. म्हणाला, मी अजून खोलात विचारायला पाहिजे होतं. गोळी कायमची बंद. रक्त जरा भरलं आणि किडनीचा रिपोर्ट ठीक आला की सलाईन. आता दुसरा रस्ता नाही, मणके थांबायचे नाहीत.

हुस्नाला सांगितलं तर तिनं साफ नकार दिला. "ज्या दवाईनं रगत ओकलं थेच आता नसातून? मले काईच नाई पाह्यजे."

खरं कारण सांगितलं तर ती मानेल. औषधात खोट नव्हती, हे तिला कळलं पाहिजे. पण सांगायचं कसं? नमाजीनं झालं म्हणू? ती उरलेलं आयुष्य त्याच विचारात काढेल. माझ्यामुळे झालं म्हणू? जीभ उचलत नाही. उद्या सांगीन.

६ जानेवारी

सांगितलं नाही. सोमवारी, काल, तिला खोकला आला. नुसता खोकला. कट्ट असं काहीतरी मलाही ऐकू आलं, किंवा आल्यासारखं वाटलं. ती ओरडली नाही, तोंड उघडंच राहिलं. तिसरा मणका. आता कूस बदलायची तरी अफ्रीन आणि मी दोघं लागतो. मी त्या आठवडाभरात तोंड उघडलं असतं तर सलाईन लागलं असतं का? डॉक्टर म्हणाला, इतक्या लवकर त्याचा असर होत नसतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो चांगला माणूस आहे, चांगली माणसं असंच बोलतात.

९ जानेवारी, जुम्मा

आज सांगितलं. जुम्म्याची नमाज पढून आलो आणि तिच्या पलंगाजवळ बसलो. अफ्रीनला बाहेर पाठवलं.

"हुस्ना, गोळी खराब नव्हती. गोळी घेऊन तू सजद्यात जायची. थे सारं उलटं गळ्यात यायचं. फजरचा टाइम मी बांधून देल्ला होता. चुकी माही हाय."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"दुसऱ्याच जुम्म्याले समजलं. सजद्यात गेलं की वर ये, आगीवानी. उठून बसलं की कमी होये."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी फजर बी खुर्चीवर आनली असती."

"गोळीचा टाइम बदलला असता ना मी. नमाज झाल्यावर गोळी देल्ली असती. कितीकसं काम होतं ते?"

तिनं छातीवरची रजई सारखी केली. मग शांतपणे म्हणाली, "तुमी टाइम बदलनारे आदमी नाई." तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्याबद्दल अफ्रीनला सांगावं तसं तिनं मलाच सांगितलं.

मी विषय सलाईनवर आणला. आता कारण कळलं, आता घ्यायला हरकत काय? तिनं विचारलं, "त्यानं मनके जुळतीन काय? मले खाली बसता येईन?"

खोटं बोलवलं नाही. म्हटलं, नाही. पुढचे मोडू नयेत म्हणून.

"मंग कायले?" ती म्हणाली. "नाई पाह्यजे. हे माह्या मनानं राहू द्या."

मला रडू आलं. ती बघेल म्हणून दुकानात गेलो आणि मशीन सुरू केली, पिंजायला काही नव्हतं तरी.

१२ जानेवारी

तीन दिवस एकच विचार. तिच्या मनानं राहू दिलं तर चौथा मणका जाईल, मग खुबा जाईल. तिच्या मनाचं ऐकायचं म्हणजे तिला डोळ्यांदेखत मोडू द्यायचं का? हे मला जमणार नाही. माझ्या चुकीनं ती इथवर आली, तर तिला वाचवायचं कामही माझंच आहे.

रस्ता रुपाबाईनं सांगितला. "तागदीचं सलाईन हाय म्हना. तागदीच्याले कोनी नाई म्हनत नाई." खरं आहे. आमच्याकडे अशक्तपणा वाटला की माणूस स्वतः जाऊन ताकदीचं सलाईन मागतो, न लावणाऱ्या डॉक्टरला नावं ठेवतो. हुस्नानंही दोन-तीनदा लावून घेतलं आहे. डॉक्टरला सांगितलं, ती तयार आहे, पण सलाईनचं नाव काढलं की घाबरते, तिच्यासमोर बोलू नका. तो म्हणाला, "काकू खरंच तयार हायेत ना?" मी म्हटलं, हो.

ती ओळखेल आणि मला सांगणार नाही असं एकदा वाटलं. पण गळ्याचं तिनं लपवलं तो नमाजीचा मामला होता, तिचा आणि वरच्याचा. दवाखान्याचं लपवून तिला काय मिळणार?

१५ जानेवारी

वाशीमला गाडीत आडवी घालून नेली. खड्डा आला की ती माझा हात दाबायची. दवाखान्यात सिस्टरनं शीर शोधली, सलाईन लागलं. हुस्नानं बाटलीकडे पाहिलं. "हे कायचं हाय?"

"तागदीचं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या हातानं ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि डोळे मिटले.

सगळं नीट होत होतं, पण नवीन सिस्टर सुई काढताना मला म्हणाली, "हाडाच्या सलाईननं दोन दिवस ताप येईल बरं का, घाबरू नका." मी तिला खूण केली. हुस्नाचे डोळे मिटलेलेच होते. झोप लागली होती, नशीब.

१७ जानेवारी

कालपासून ताप. अंग तव्यासारखं तापलं आहे, कण्हते आहे. पट्ट्या ठेवल्या, तापाची गोळी पाण्यात विरघळवून दिली. डॉक्टरला फोन केला, तो म्हणाला, अपेक्षितच आहे, उद्यापर्यंत उतरेल.

दुपारी तिनं विचारलं, "तागदीच्या सलाईननं बी ताप येते काय?"

"येते कवा कवा."

"असन," ती म्हणाली. दुपारनंतरची अस्रची नमाज तिनं पडल्या पडल्या पापण्यांच्या इशाऱ्यानं पढली, आणि अफ्रीनला हाक मारून नुसती मान भिंतीकडे वळवून घेतली. मी पाणी पुढे केलं तर अफ्रीनच्या हातानं प्यायली.

एक काम तडीला गेलं. वर्षभर काळजी नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा लावावं लागेल, तेव्हा तेव्हाचं पाहू. तिला काही कळलेलं नाही. कळलं असतं तर बोलली असती.